मुलांचा बाजार आणि आईची मजुरी

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मी काही व्याख्यान देणारी बाई नव्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण गेली तीन वर्षे मी जे काम करते आहे त्याची माहिती सर्वांना व्हावी, अशी मंडळाची इच्छा आहे, म्हणून उभी राहिले आहे. बोलण्यात काही उणे-अधिक झाले तर आपण घरच्याच आहात, सांभाळून घ्याल.

आपल्या पेठेजवळच्या माध्यमिक शाळेत मी दर बुधवारी दुपारी एक तास जाते. मी तिथे शिक्षिका नाही आणि मानधनही घेत नाही. नववीची मुले दरवर्षी शाळेत बाजार भरवतात. कोणता माल करावा, त्याला खर्च किती येतो, भाव काय ठेवावा, उधारी कशी टाळावी, माल उरला तर काय करावे, हे सारे मी त्यांच्याजवळ बसून त्यांच्याकडूनच काढून घेते. मुख्याध्यापकांनी या कामाला ‘व्यवसाय मार्गदर्शक’ असे भारदस्त नाव दिले आहे. मुले मात्र मला काकू म्हणतात, आणि मला तेच बरे वाटते.

आपण म्हणाल, हिला व्यवसायातले काय कळते? आपल्यापैकी पुष्कळ जणींच्या डब्यात माझा कांदा-लसूण मसाला आहे, म्हणून उत्तर देण्याचे धाडस करते. चैत्र-वैशाखात मी मसाला करून देते, त्याला आता पंधरा वर्षे होतील. ब्याडगी मिरची रंगाला आणि लवंगी तिखटपणाला, हे तर कोणीही सांगेल. पण दहा किलो मिरची आणली, तिला ऊन दिले, देठ काढले, की ती दहा किलो राहत नाही. डंकावर कुटताना थोडी उडते, चाळताना थोडी जाते. ही घट जिने धरली नाही तिचा धंदा दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत टिकत नाही. मला जे येते ते एवढेच. दिसत नाही तो खर्च शोधून वहीत लिहायचा.

आता हे काम माझ्याकडे कसे आले ते सांगते. आपल्या भागातल्या पुष्कळ शाळांत वर्षातून एकदा मुलांचा बाजार भरतो. कुठे त्याला बाजार दिवस म्हणतात, कुठे आनंद मेळावा. मुले पटांगणात चटया अंथरून बसतात. कोणी परसातली मेथी-कोथिंबीर आणते, कोणी भेळ करते, कोणी वडापाव, कोणी लिंबाचे सरबत. आपण पिशव्या घेऊन जातो, दहाची वस्तू कौतुकाने वीसला घेतो, फोटो काढतो आणि घरी येतो. संध्याकाळी मूल सांगते, “आई, मला तीनशे रुपये फायदा झाला!”

माझा धाकटा असाच नाचत आला होता. मी त्याला जवळ बसवून विचारले, “चुरमुरे कुणी आणले?” “तू.” “चिंचेचे पाणी कुणी केले?” “तू.” “कांदा कुणी चिरला?” “तूच की!” मग मी त्याला म्हटले, “बाळा, हा फायदा नव्हे. हे मीच तुला दिलेले तीनशे रुपये आहेत. भेळेच्या वाटेने आले एवढेच.”

पुढच्या पालकसभेत मी हे बोलून दाखवले. सगळे हसले. मुख्याध्यापक मात्र हसले नाहीत. सभा संपल्यावर त्यांनी मला थांबवले आणि म्हणाले, “ताई, हेच मुलांना येऊन सांगाल का?”

त्यांनी मला पुढे आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला फार आवडली. २०२० साली देशाचे जे नवे शैक्षणिक धोरण आले, त्यात असे म्हटले आहे की सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तर घरी ठेवावे आणि गावातल्या कसबी माणसांजवळ बसून काम शिकावे. कोणाजवळ? तर सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशी नावे दिली आहेत आणि शेवटी ‘वगैरे’ म्हटले आहे. त्या यादीत गृहिणी नाही. पण ‘वगैरे’ आहे ना? आपण त्या ‘वगैरे’तून आत जायचे!

तसे पाहिले तर शिकता शिकता कमवावे ही गोष्ट आपल्या कराडकरांना नवी नाही. आपल्याच तालुक्यातल्या काले गावी १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. पुढे १९२४ साली साताऱ्यात त्यांनी वसतिगृह सुरू केले. तिथली मुले स्वतः कामे करीत आणि शिकत. ‘कमवा आणि शिका’ हे शब्द आज आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक आहेत. मुख्याध्यापक सांगत होते की, त्याच १९१९ साली तिकडे अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड गावी, ‘ज्युनिअर अचीव्हमेंट’ नावाची संस्था निघाली. तिच्यात मुले शाळा सुटल्यावर जमतात, थोडे थोडे भांडवल गोळा करून छोटीशी कंपनी काढतात, वस्तू करून विकतात, आणि वर्षअखेर हिशेब मिटवून नफा वाटून घेतात. गावातला एखादा व्यवसायातला माणूस त्यांच्याजवळ बसून मार्गदर्शन करतो. मजा पाहा, तिकडे कुठे अमेरिका आणि इकडे आपले काले, पण साल एकच.

भाऊरावांचे नाव घेतले की मला लक्ष्मीबाईंची आठवण होते. वसतिगृहातल्या मुलांच्या पोटासाठी या माऊलीने अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा मोडले. एवढी मोठी संस्था उभी राहिली तिच्या पायात एका बाईचे सोने आहे आणि मुलांना रांधून घालण्याचे कष्ट आहेत. दागिन्यांची गोष्ट लोकांनी लक्षात ठेवली. रोजच्या रांधण्याचा हिशेब कोण ठेवतो? मला आज जे सांगायचे आहे ते याच हिशेबाविषयी.

पहिल्या वर्षी पाच मुलींच्या एका गटाने दाण्याचे लाडू केले होते. बाजार झाल्यावर त्यांनी मला वही दाखवली. लाडू एकशे वीस विकले, पाच रुपयांना एक, म्हणून जमा ६०० रुपये. खर्चात गूळ ९० आणि तूप ६०, मिळून १५०. नफा ४५० रुपये. खाली लाल शाईने दोन रेघा मारल्या होत्या.

मी म्हटले, “शाबास! आता आपण ही वही पुन्हा एकदा वाचू. शेंगदाणे कुठे आहेत?” एक म्हणाली, “ते आमच्या घरचे होते, काकू. शेतातले.” मी विचारले, “घरचे म्हणजे फुकटचे का? तुझ्या वडिलांनी ते बाजारात नेले असते तर पैसे आले असते की नाही?” मग दोन किलो शेंगदाण्याचे २८० लिहिले. वेलदोडे आईच्या डब्यातले, त्यांचे २०. गॅसचे अंदाजाने २५. कागदी पिशव्यांचे २५. सगळी बेरीज ५०० झाली. नफा साडेचारशेचा शंभरावर आला. मुलींचे चेहरे पडले.

मग मी विचारले, “दाणे भाजले कुणी? पाखडले कुणी? पाक कुणी बघितला?” पाचही जणी एकमेकींकडे पाहू लागल्या. एकीच्या आईने तीन तास काम केले होते. आपल्या पेठेत कार्यघरी लाटायला जाणारी बाई तासाचे पन्नास रुपये घेते. तोच दर धरला. तीन तासांचे १५० झाले. खर्च ६५०, जमा ६००. लाडवांच्या धंद्यात पन्नास रुपये तोटा!

मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, “पण काकू, आई थोडीच पैसे मागते?”

भगिनींनो, हा प्रश्न काही त्या मुलाचा एकट्याचा नाही. साऱ्या जगाचा आहे. मी त्याला सांगितले, “आई मागत नाही म्हणून तिला किंमत द्यायची की नाही, ते तू घरी ठरव. पण तुझा धंदा चालतो की नाही हे समजायचे असेल तर तिची मजुरी वहीत लिहावीच लागेल. उद्या आई आजारी पडली आणि दुसरी बाई बोलवावी लागली तर ती फुकट येईल का? धंदा आईच्या कष्टावर उभा असेल तर तो धंदा नव्हे, ती आईची उधारी आहे.”

त्या आठवड्यात मी मुलांना एक घरचा अभ्यास दिला. घरात एका दिवसात कोण किती वेळ कोणते काम करते ते लिहून आणा. वह्या पाहून मुख्याध्यापकांनी मुलांना सरकारच्या एका पाहणीचे आकडे वाचून दाखवले. २०१९ साली देशभर अशीच पाहणी झाली होती. घरचे विनामोबदला काम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता आणि पुरुषांचा ९७ मिनिटे. म्हणजे आपले पाच तासांना एक मिनिट कमी! एका मुलाने फळ्यावर जाऊन २९९ ला तीनशे पासष्टने गुणले आणि तासांत मांडले. अठराशेच्या वर तास आले. वर्ग गप्प झाला. मला त्यांना काही जास्त सांगावे लागले नाही.

असा हिशेब केला की मुले नाराज होतात आणि धंद्याचे नाव सोडतात असे कोणाला वाटेल. तसे होत नाही. तोटा कळला की डोके चालू लागते. त्या लाडवांच्या मुलींनीच पुढे बसून विचार केला. एक म्हणाली, लाडू सहा रुपयांना देऊ. दुसरी म्हणाली, पाचही घरांचे दाणे एकदम भाजू, म्हणजे गॅस आणि वेळ वाचेल. तिसरी म्हणाली, लाडू थोडे लहान वळू. मी म्हटले, “लहान वळायला हरकत नाही, पण फलकावर तसे लिहायचे. गिऱ्हाइकाला कळू न देता लहान केला तर ती चोरी.” दुसऱ्या वर्षी आयांनी हात लावायचा नाही, फक्त पाक बघायला एक जण अर्धा तास, असे त्यांनी ठरवले. आईची मजुरी २५ रुपये, पहिल्या ओळीत लिहिलेली! त्या वर्षी त्यांना सगळा खर्च जाऊन खरा नफा झाला. लाल शाईच्या रेघा मारल्या तेव्हा त्या रेघांना अर्थ होता.

कष्टाला हिशेबात जागा दिली तर धंदा बुडतो असे म्हणणाऱ्यांना लिज्जत पापडाचे उदाहरण सांगावे. १९५९ सालच्या मार्च महिन्यात मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पुडे निघाले. आज तिथे हजारो बहिणी काम करतात. लाटणाऱ्या बहिणीला लाटण्याची मजुरी मिळते आणि नफ्यात-तोट्यात साऱ्या बहिणी वाटेकरी असतात. त्या सातांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. मुलांना मी ही गोष्ट सांगते तेव्हा मुली जरा ताठ बसतात.

आता जिला हे काम करावेसे वाटेल तिच्यासाठी माझ्या अनुभवाच्या दोन-चार गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट, आपले हात पाठीमागे बांधून उभे राहायचे. आपल्याला सवय अशी की मुलाने कांदा वाकडा चिरला की आपण सुरी हातात घेतो. इथे घ्यायची नाही. चुकू द्यावे, सांडू द्यावे, पण विचारीत राहावे. “हे किती पडले? हे कुठून आणले? हे कोण घेणार?” उत्तर आपण द्यायचे नाही.

दुसरी गोष्ट, भांडवल आणि विक्री यांची पाकिटे निराळी. मुले विक्रीच्या पैशातून तिथल्या तिथे कुल्फी खातात आणि संध्याकाळी पैसे का कमी म्हणून भांडतात. आता तर पुष्कळ जण मोबाईलवर पैसे देतात. ते वडिलांच्या खात्यात जमा होतात आणि मुलाच्या हाती काहीच दिसत नाही. म्हणून आम्ही नियम केला आहे. मोबाईलवरचा प्रत्येक व्यवहार त्याच वेळी चिठ्ठीवर लिहायचा आणि त्याच संध्याकाळी वडिलांकडून पैसे मोजून घ्यायचे. एका वडिलांनी “नंतर देतो” म्हटले तर मुलीने त्यांचे नाव उधारीच्या पानावर लिहिले!

तिसरी गोष्ट म्हणजे उधारी. बाजारात सर्वांत जास्त उधारी कोण ठेवते? नातेवाईक आणि मोठी माणसे. मुलांना मागायची लाज वाटते. मी त्यांना मागण्याची भाषा शिकवते. “काका, कालचे वीस रुपये राहिले आहेत, आज वही बंद करायची आहे.” यात उद्धटपणा नाही आणि लाचारीही नाही. शाळेतल्या शिक्षकांनाही ही भाषा ऐकावी लागली, आणि त्यांनी हसून पैसे दिले.

चौथी गोष्ट, खरेपणा. भाजी विकायची तर काट्यावर सरकारी शिक्का आहे का ते बघायचे. कालचे तेल आज वापरायचे नाही. हात धुतल्याशिवाय भेळ कालवायची नाही. सांगताना आपण घरात तसे वागतो का हेही मुले बघतात, त्यामुळे आपल्यालाही शिस्त लागते.

आता जरा अवघड भागाकडे येते. मुलांच्या हातात पैसा खेळू लागला की एक धोका असतो. पैसा मुलाला आवडतो आणि घरच्यांना त्याहून जास्त आवडतो.

दुसऱ्या वर्षी माझ्याकडे एक मुलगी होती. तिच्या आईवडिलांची नाष्ट्याची गाडी आहे. पोहे, उप्पीट, चहा. पोरीने शाळेत हिशेब शिकला आणि घरी जाऊन गाडीचा हिशेब मांडला. तिला दिसले की तेल रोज लहान पिशवीने घेतले जाते, ते महाग पडते, आणि पोह्यांची ताटली कोणी भरेल तशी भरली जाते. तिने डबा घेऊन तेल आणवले आणि पोह्यांना एक माप ठरवले. महिन्याभरात घरात चार पैसे जास्त उरू लागले. वडील खूश झाले आणि म्हणाले, “पोरगी हुशार आहे. आता शाळा पुरे, गाडीवरच बसव.”

मुलीने मला हे सांगितले तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला. मी शिकवलेला हिशेबच तिची शाळा सोडवायला निघाला होता. मुख्याध्यापकांना विचारले, कायदा काही करू शकतो का? त्यांनी सांगितले की २०१० पासून लागू झालेला शिक्षणहक्काचा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. बालमजुरीच्या कायद्यातही २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना कामाला लावण्यास बंदी झाली, पण शाळा सांभाळून घरच्या धंद्यात मदत केलेली चालते. ही मुलगी पंधराव्या वर्षात होती. कायदा चौदाव्यापर्यंत बोट धरतो. पुढे बोट धरायला माणसेच लागतात.

मी आणि आपल्या मंडळाच्या दोघी जणी त्यांच्या घरी गेलो. वडील वाईट नव्हते, थकलेले होते. माझे बोलणे ऐकून घेऊन ते म्हणाले, “वहिनी, तुम्ही सातवी शिकून शाळेत हिशेब शिकवता. मग माझ्या पोरीला दहावी कशाला?”

मी त्यांना उत्तर दिले ते असे. “दादा, मला मसाल्याचा हिशेब येतो, खरे आहे. पण आमच्या गावात सातवीपुढे शाळा नव्हती आणि मुलीला परगावी धाडायची रीत नव्हती. त्याची किंमत मी अजून मोजते आहे. बँकेचा कर्जाचा कागद मी दुसऱ्याकडून वाचून घेते. अन्नपदार्थ विकायची नोंदणी करायची होती तेव्हा अर्ज भरायला शेजारच्या मुलाला बसवावे लागले. बाहेरगावच्या एका दुकानदाराने मोठी मागणी दिली, पण करारातली भाषा समजेना म्हणून मी नाही म्हटले. माझा धंदा माझ्या दोन हातांएवढाच राहिला. तुमच्या पोरीचा तेवढाच राहावा असे तुम्हाला वाटते का?”

ते काही बोलले नाहीत. पण माझ्या बोलण्याने ते बदलले असे मी म्हणणार नाही. बदलले ते त्या पोरीच्या वहीने. तिने आठ दिवस गाडीवरची गिऱ्हाइके तासागणिक लिहिली होती. सकाळी सात ते साडेदहा गर्दी. अकरानंतर दुपारपर्यंत पाच-सहा ताटल्या, त्यापलीकडे नाही. शाळा अकराची. ती वडिलांना म्हणाली, “आप्पा, मी शाळा सोडून गाडीवर बसले तर पाच ताटल्यांसाठी बसणार. त्यापेक्षा शाळेत जाते.” आई आतून पाणी घेऊन आली होती ती तशीच उभी राहिली आणि म्हणाली, “पोरगी बरोबर बोलतेय.” त्या घरात बाईने एवढे बोलणे हीसुद्धा गोष्ट होती.

ती मुलगी दहावी झाली. आता अकरावीला वाणिज्य शाखेत आहे. सगळे छान झाले असे सांगून मी मोकळी होणार नाही. अजून ती पहाटे साडेपाचला उठते, गाडी लावून देते आणि पहिल्या तासाला तिला झोप येते. त्यावर अजून उपाय निघालेला नाही. आणि प्रत्येक वेळी असेही होत नाही. एका मुलाने नववीतच शाळा सोडली. तो मंडईत भाजीचा गाडा लावतो. मला पाहिले की हाक मारतो, हिशेबाची वही दाखवतो, वही अगदी चोख असते. मला बरे वाटते आणि वाईटही वाटते. त्याच्या घरी आम्ही दोनदा गेलो होतो. आणखी दोनदा जाणार आहोत. बाहेरून परीक्षेला बसता येते, तो अर्ज मुख्याध्यापकांनी आणून ठेवला आहे.

म्हणून माझे सांगणे असे की धंदा शिकवायचा तो मुलाची शाळा पक्की करण्यासाठी. शाळा सुटण्यासाठी नव्हे. हे ज्या बाईला मनापासून पटले असेल तिनेच या कामात यावे. बुधवारी हजेरी घेतली जाते तेव्हा मी फळ्याकडे न बघता बाकांकडे बघते. कोण आले नाही ते आधी विचारते. हिशेब मागाहून.

भगिनींनो, शेजारच्या दोन शाळांनी आपल्या मंडळाकडे अशीच मागणी केली आहे. मी एकटी पुरी पडणार नाही. आपल्यात शिवणकाम करणाऱ्या आहेत. कापड बेतताना चिंधी किती जाते हे त्यांच्याइतके कोणाला कळणार? खानावळीचे डबे देणाऱ्या आहेत. दहा डब्यांचे धान्य आणि बारा डब्यांचे धान्य यातला फरक त्यांना मोजल्याशिवाय कळतो. दूध घालणाऱ्या आहेत. बचत गटाची वही वर्षानुवर्षे बिनचूक ठेवणाऱ्या आहेत. भिशी चालवणाऱ्या तर इतक्या आहेत की त्यांना बँकेने नोकरी द्यावी! ‘मला काय येते?’ असे म्हणू नका. तुमच्या स्वयंपाकघरात जे रोज चालते त्यात खरेदी आहे, साठा आहे, घट आहे, वाटप आहे आणि महिनाअखेरीची तोंडमिळवणी आहे. फक्त त्याला कोणी धंदा म्हटले नाही आणि त्याची वही कोणी ठेवली नाही.

आठवड्याला एक तास, दिवाळीनंतर बाजाराच्या दिवसापर्यंत, एवढेच द्यायचे आहे. शाळा चहा देते, बाकी काही देत नाही. पहिल्या दोन बुधवारी मी बरोबर येईन. चिटणीसबाईंजवळ एक वही ठेवली आहे, तिच्यात आपले नाव आणि आपल्याला येणारे काम लिहावे. शिक्षणाची रकाना त्या वहीत नाही, तो मी मुद्दाम ठेवू दिला नाही.

आणि ज्यांना येणे जमणार नाही त्यांनी एवढे तरी करावे. यंदा मुलांच्या बाजारात याल तेव्हा दहाची वस्तू दहालाच घ्या. मुलाने हिशेबाची वही पुढे केली की कौतुक करा, पण आधी एक प्रश्न विचारा, “आईची मजुरी धरली आहेस ना?”



जय हिंद.